मत्स्यपेटीची नळयोजना आणि अतिनील दिवा

परभणी शहरात मत्स्यपेटी भरली जाते ती मुख्यतः दोन प्रकारच्या पाण्याने. पहिले नळाचे. शहराच्या नळाला पूर्णा नदीचे पाणी येते. पूर्वी ते राहाटीच्या बंधाऱ्यावरून उचलले जाई, आता जिंतूर तालुक्यातील येलदरी धरणावर शहराची मदार आहे, आणि नळाला रोज पाणी येत नसल्यामुळे ते हौदात किंवा गच्चीवरच्या टाकीत साठवून मग वापरले जाते. दुसरे पाणी बोअरचे. दख्खनच्या बेसॉल्ट खडकातील भेगांमधून वर येणाऱ्या या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात, त्यामुळे ते जड असते, आणि ते तापले किंवा आटले की भांड्यावर जसा पांढरा थर धरते तसाच मत्स्यपेटीच्या काचेवर, पंपावर आणि दिव्याच्या आवरणावरही धरते. या दोन्ही पाण्यांचा स्वभाव ऋतूंप्रमाणे बदलतो. पावसाळ्याच्या आरंभी नदीच्या पाण्यात काळ्या मातीचा बारीक कण तरंगत राहतो. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान एकअंकी आकड्यांपर्यंत उतरते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो आणि खोलीतल्या पेटीचे पाणीही तापते. मत्स्यपेटीला अतिनील दिवा जोडण्याचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो, कारण दिव्याच्या खोक्यावर छापलेले आकडे स्वच्छ आणि मृदू पाणी, अखंड वीज आणि पूर्ण वेगाने चालणारा पंप गृहीत धरून लिहिलेले असतात.

अतिनील किरण म्हणजे दृश्य प्रकाशातील जांभळ्या रंगाच्या पलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे किरण. त्यांतील २०० ते २८० नॅनोमीटर तरंगलांबीचा पट्टा सूक्ष्मजीवांना सर्वांत घातक असतो, कारण या लांबीचे किरण पेशीतील डीएनए शोषून घेतो आणि त्याच्या साखळीतील शेजारशेजारचे थायमिन घटक एकमेकांना चिकटतात. अशा पेशीला आपली प्रत काढता येत नाही, म्हणजेच ती तत्काळ मेली नाही तरी तिची संख्यावाढ थांबते. सूर्यप्रकाशाने जीवाणूंची वाढ खुंटते हे डाउन्स आणि ब्लंट या इंग्रज संशोधकांनी १८७७ मध्ये दाखवले होते, आणि १९१० मध्ये फ्रान्समधील मार्सेय येथे पारादिव्यांच्या साहाय्याने पिण्याचे पाणी निर्जंतुक करण्याचा मोठा प्रयोग झाला. आजच्या मत्स्यपेटीतील उपकरणात कमी दाबाचा पारादिवा असतो. तो मुख्यतः २५४ नॅनोमीटरचे किरण सोडतो. त्याच्याभोवती क्वार्ट्झची पारदर्शक नळी असते, कारण साधी काच हे किरण अडवते आणि क्वार्ट्झ त्यांना वाट देते. आणि या नळीच्या बाहेरून, प्लॅस्टिकच्या किंवा स्टीलच्या बंद कक्षातून पाणी वाहत जाते. महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांना हे तंत्र नवे नाही, स्वयंपाकघरातील भिंतीवरच्या जलशुद्धक यंत्रांतून ते १९८० च्या दशकापासून घरोघर पोहोचलेले आहे. फरक इतकाच की जलशुद्धकातून पाणी एकदाच जाते आणि प्यायले जाते, तर मत्स्यपेटीचे पाणी त्याच दिव्यासमोरून पुनःपुन्हा फिरते, आणि ज्या टाकीतून ते येते त्याच टाकीत परत पडते. नळयोजनेचे सगळे प्रश्न या फिरण्यातून निर्माण होतात.

दुकानात दिवा निवडताना पहिला प्रश्न किती वॅटचा हा असतो. तो अपुरा आहे. सूक्ष्मजीवावर परिणाम करते ती किरणांची मात्रा, आणि मात्रा म्हणजे किरणांची तीव्रता गुणिले पाणी दिव्यासमोर राहिलेला वेळ. तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला किती मिलिवॅट अशी मोजतात, वेळ सेकंदांत, आणि गुणाकार येतो तो दर चौरस सेंटिमीटरला इतके मिलिज्यूल असा. यातील तीव्रता कारखान्यात ठरते. वेळ मात्र ठरतो घरात, पंपाने, नळीच्या व्यासाने, वळणांनी आणि झडपेने. म्हणून एकच दिवा एका घरी कामाचा ठरतो आणि दुसऱ्या घरी वर्षभर जळूनही काही करत नाही.

एक उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल. समजा, कक्षाचा आतील व्यास ६ सेंटिमीटर आहे, क्वार्ट्झच्या नळीचा बाहेरील व्यास अडीच सेंटिमीटर आहे आणि प्रकाशित भागाची लांबी ३० सेंटिमीटर आहे. तर नळी आणि कक्षाची भिंत यांच्या मधल्या पोकळीत सुमारे ७०० मिलिलिटर पाणी मावते. ताशी १,००० लिटर वेगाने पाणी सोडले तर ते या पोकळीत अडीच सेकंद राहते. सरासरी तीव्रता १० मिलिवॅट धरली तर मात्रा २५ मिलिज्यूल होते. वेग ताशी २५० लिटरवर आणला की पाणी दहा सेकंद थांबते आणि मात्रा १०० मिलिज्यूलवर जाते. दिवा तोच, वीज तेवढीच, पण मात्रा चौपट.

आता या दोन आकड्यांनी काय साधते ते पाहावे. पाणी हिरवे होते ते त्यात तरंगणाऱ्या एकपेशी शैवालामुळे. क्लोरेलासारख्या शैवालाला २२ मिलिज्यूलच्या आसपासची मात्रा पुरते, आणि पाण्यातील बहुतेक सामान्य जीवाणू तर १० मिलिज्यूलच्या आसपासच निष्प्रभ होतात. पिण्याच्या पाण्यासाठी ४० मिलिज्यूल हे प्रमाण पुष्कळ ठिकाणी मान्य आहे. माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठवणारा इक्थिओफ्थिरियस हा परजीवी मात्र चिवट असतो. त्याच्या पोहत्या अवस्थेसाठी १०० मिलिज्यूलच्या आसपासची मात्रा लागते असे मत्स्यरोगांवरील साहित्यात दिलेले आढळते. काही विषाणू त्याहूनही दणकट आहेत. ॲडेनो गटातील विषाणूंसाठी पिण्याच्या पाण्याच्या नियमांत १८६ मिलिज्यूलपर्यंतची मात्रा धरली जाते. याचा अर्थ असा की केवळ हिरवे पाणी स्वच्छ करायचे असेल तर पाणी वेगाने फिरवले तरी चालते, पण पांढऱ्या ठिपक्यांच्या विरोधात दिवा लावायचा असेल तर वेग पुष्कळ कमी ठेवावा लागतो. नळयोजनेचा आराखडा काढण्यापूर्वी दिवा कशासाठी हवा आहे हे ठरवले नाही, तर पुढचे सारे काम अंदाजाने होते.

पांढऱ्या ठिपक्यांबाबत थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण परभणीसारख्या ठिकाणी हौशी मत्स्यपालक दिवा घेतात तो बहुधा याच रोगाच्या धास्तीने. मुंबईतील कुर्ला, चेन्नईतील कोलातूर किंवा कोलकाता अशा शोभिवंत माशांच्या बाजारांतून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत लांबचा प्रवास करून आलेले मासे थकलेले असतात, आणि त्यातच मराठवाड्यातील हिवाळ्याच्या रात्री पेटीचे पाणी झपाट्याने थंड होते; असे मासे रोगाला सहज बळी पडतात. या परजीवीच्या आयुष्यात तीन अवस्था असतात. पहिल्या अवस्थेत तो माशाच्या कातडीखाली वाढतो. वाढ पुरी झाल्यावर तो गळून तळाशी जातो, खडीला चिकटतो आणि स्वतःभोवती कवच करून आत विभागत राहतो. आणि शेवटी त्या एका कवचातून शेकडो सूक्ष्म पिल्ले बाहेर पडून दोनेक दिवसांच्या आत नवा मासा शोधतात. पंचवीस अंशांच्या आसपास हे सारे चक्र आठवड्याभरात पूर्ण होते, थंडीत ते कित्येक आठवडे लांबते. अतिनील दिव्यापुढे येऊ शकते ती फक्त तिसरी, पोहती अवस्था. माशाच्या अंगातील ठिपका आणि खडीतील कवच यांपर्यंत किरण कधीच पोहोचत नाहीत, आणि पिल्लू दिव्यापर्यंत पोहोचण्याआधी त्याला शेजारचाच मासा सापडण्याचा संभव मोठा असतो. त्यामुळे एकाच पेटीत दिवा रोगाचा जोर कमी करतो, रोग बरा करत नाही. औषध, पाण्याचे तापमान आणि नव्या माशाचे विलगीकरण यांची जागा तो घेऊ शकत नाही, आणि विक्रेत्याने तसे सांगितले तरी त्यावर विश्वास ठेवू नये.

फिरत्या पाण्याचे आणखी एक गणित आहे. दीडशे लिटरच्या पेटीतून दीडशे लिटर पाणी दिव्यासमोरून गेले म्हणजे पेटीतील सगळे पाणी प्रक्रिया होऊन आले, असे वाटते, तसे नसते. प्रक्रिया झालेले पाणी पेटीत पडताच उरलेल्या पाण्यात मिसळते आणि त्याचाच काही भाग पुन्हा दिव्याकडे जातो. पाणी नीट मिसळत असेल तर एका फेरीनंतर सुमारे ३७ टक्के पाणी दिव्यासमोर एकदाही आलेले नसते, तीन फेऱ्यांनंतर ५ टक्के, आणि पाच फेऱ्यांनंतर एक टक्क्याहून कमी. ताशी २५० लिटर वेगाने दीडशे लिटरच्या पेटीच्या पाच फेऱ्या तीन तासांत होतात, म्हणजे वेग कमी ठेवल्याने फार काही बिघडत नाही. मात्र हे पाणी मिसळत असेल तरच. पाणी उचलणारे तोंड आणि परत सोडणारे तोंड पेटीच्या एकाच कोपऱ्यात असेल, तर तेच पाणी गोल फिरत राहते आणि दुसऱ्या टोकाचे पाणी दिवसेंदिवस जागचे हलत नाही. नळयोजनेतील ही चूक सर्वांत सामान्य आणि सर्वांत सहज टाळता येणारी आहे: एक तोंड एका कोपऱ्यात तळाजवळ, दुसरे समोरच्या कोपऱ्यात पृष्ठभागाजवळ.

पाण्याची वाट

दिव्याची जागा गाळणीनंतर. पाण्यातील प्रत्येक तरंगता कण किरणांना अडवतो आणि त्याच्या सावलीत सूक्ष्मजीव सुरक्षित राहतात, म्हणून स्पंजमधून किंवा फायबरच्या कापसातून गाळलेले पाणीच दिव्याकडे जावे. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येते तेव्हा ते थेट पेटीत न भरता ड्रममध्ये एक-दोन दिवस स्थिर ठेवून, निवळल्यावर वरचे पाणी घ्यावे. यात क्लोरिनही बऱ्याच अंशी उडून जातो. लाकडाच्या ओंडक्यातून किंवा बदामाच्या पानांतून पाण्यात उतरणारा पिवळसर रंगसुद्धा अतिनील किरण शोषतो, तेव्हा अशी सजावट असलेल्या पेटीत दिव्याची छापील क्षमता मिळत नाही हे गृहीत धरावे. गाळणीतील खड्यांवर आणि स्पंजवर वाढणारे उपयुक्त जीवाणू, जे माशांच्या मलमूत्रातील अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, ते पृष्ठभागाला चिकटून राहतात. पाण्यात तरंगत दिव्यापर्यंत येत नाहीत, म्हणून दिव्याने गाळणी मरते ही भीती निराधार आहे. बाटलीतील जीवाणू नव्या पेटीत सोडले असतील तर मात्र ते स्थिरावेपर्यंत काही दिवस दिवा बंद ठेवावा.

कॅनिस्टर गाळणी, म्हणजे पेटीबाहेर खाली ठेवलेली बंद डब्याची गाळणी, असेल तर दिवा तिच्या बाहेर जाणाऱ्या नळीवर बसवण्याची पद्धत आहे. सोपी आहे, पण तिच्यात एक अडचण असते. गाळणीला आणि पेटीतील हालचालीला ताशी हजार लिटरचा प्रवाह हवा असतो, आणि पांढऱ्या ठिपक्यांसाठी दिव्याला अडीचशेचाच; एकाच नळीवर दोन्ही साधत नाहीत. तोडगा म्हणजे बगलवाट. गाळणीच्या बाहेरच्या नळीवर एक टी बसवून पाण्याच्या दोन शाखा कराव्यात, मोठी शाखा सरळ पेटीत जावी आणि लहान शाखा दिव्यातून. या दोन शाखा पुढे पुन्हा एकत्र जोडण्याची प्रथा आहे, ती टाळणे अधिक बरे. दिव्याच्या शाखेचे तोंड पेटीत स्वतंत्र सोडले की तिचा वेग केव्हाही मोजता येतो: पाच लिटरचा कॅन त्या तोंडाखाली धरावा आणि घड्याळ लावावे. कॅन ७२ सेकंदांत भरला तर वेग ताशी २५० लिटर, १८ सेकंदांत भरला तर ताशी १,००० लिटर. शाखा जोडून टाकल्या की हे मोजमाप अशक्य होते आणि दिव्यातून किती पाणी जाते हे कोणालाच सांगता येत नाही. पंपाच्या खोक्यावरील आकडा या कामी उपयोगाचा नाही, कारण तो रिकामी गाळणी आणि वर न चढणारे पाणी गृहीत धरून दिलेला असतो. गाळणी भरली, नळी लांबली, मध्ये दोन एल्बो आले की प्रत्यक्ष प्रवाह पुष्कळ कमी होतो, आणि गाळणी मळत गेली की आणखी कमी.

ज्यांच्याकडे कॅनिस्टर नाही, आणि लहान शहरांत पेटीवरची किंवा पेटीतली गाळणीच अधिक दिसते, त्यांनी दिव्यासाठी वेगळा लहान बुडता पंप घ्यावा आणि त्याच्या तोंडाशी स्पंज लावावा. एकंदरीत हीच रचना अधिक समाधानकारक आहे: मुख्य गाळणीला हात लावावा लागत नाही, दिव्याचा वेग गाळणीच्या मळण्यावर अवलंबून राहत नाही, आणि औषध घालायच्या वेळी दिवा व त्याचा पंप निवांतपणे बंद ठेवता येतो. औषधांपैकी अनेक, विशेषतः रंगद्रव्ये, या किरणांनी मोडतात. म्हणून औषधाची मुदत संपेपर्यंत दिवा बंदच असावा.

दिव्याचा कक्ष शक्यतो उभा बसवावा, पाणी खालून आत आणि वरून बाहेर. असे केले की आत अडकलेली हवा आपोआप वर निघून जाते. आडव्या किंवा उलट्या कक्षात हवेचा फुगा राहतो, क्वार्ट्झचा तेवढा भाग कोरडा पडून तापतो आणि त्यावर क्षार भाजल्यासारखे बसतात. संपूर्ण कक्ष पेटीतील पाण्याच्या पातळीखाली असावा, म्हणजे वीज गेल्यावरही तो भरलेला राहतो. पेटीखालील कपाटात जागा शोधताना कक्षाच्या लांबीइतकीच मोकळी जागा दिवा ज्या टोकाने निघतो त्या टोकाला सोडावी लागते, कारण दिवा आणि क्वार्ट्झची नळी सरळ ओढूनच बाहेर काढता येतात. ही जागा सोडलेली नसल्यामुळे उपकरण वर्षानुवर्षे उघडलेच जात नाही, आणि न उघडलेले उपकरण म्हणजे मृत दिव्याभोवती फिरणारे पाणी.

प्रवाह आवळायची झडप दिव्याच्या पुढे, म्हणजे पाणी बाहेर पडते त्या बाजूला असावी. पंपाच्या शोषणाच्या बाजूला झडप कधीही आवळू नये, पंप हवा ओढू लागतो. दिव्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बॉल व्हॉल्व्ह आणि एकेक युनियन, म्हणजे सोडवता येणारा जोड, बसवले तर दोन्ही झडपा बंद करून, युनियन सोडवून सबंध कक्ष बादलीत काढून नेता येतो आणि फरशीवर पाणी सांडत नाही. या चार नगांचा खर्च नगण्य आहे. नळीचा व्यास उपकरणाच्या तोंडाहून लहान करू नये: त्याच प्रवाहासाठी आतील व्यास १६ मिलिमीटरवरून १२ मिलिमीटरवर आणला की घर्षणाने होणारी दाबाची हानी सुमारे चौपट होते. वळणासाठी शक्यतो एल्बो घालू नये, लवचिक नळीला मोठा बाक द्यावा. अपवाद एकच. दिव्याच्या तोंडाला लगेच पारदर्शक मऊ नळी जोडली तर आतून येणारे किरण तिच्यावर पडत राहून ती पिवळी, कडक आणि ठिसूळ होते, आणि एके रात्री तडकते. म्हणून कक्षाच्या तोंडाशी आधी अपारदर्शक यूपीव्हीसीचा एल्बो, आणि मग नळी. परभणीच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा घरगुती नळकामाचा यूपीव्हीसी किंवा सीपीव्हीसी माल यासाठी चांगला आहे. सॉल्व्हंटने चिकटवलेले सांधे पूर्ण वाळू द्यावेत आणि मासे सोडण्याआधी नळीतून साधे पाणी फिरवून ते फेकून द्यावे. पितळी किंवा तांब्याचे जोड वापरू नयेत, तांबे कोळंबीला विषारी आहे आणि मृदू पाण्यात माशांनाही अपाय करते.

जड पाणी आणि क्वार्ट्झवरचा थर

बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या पेटीत दिव्याचा खरा शत्रू रोगजंतू नसून चुना आहे. दिव्याच्या उष्णतेने क्वार्ट्झच्या पृष्ठभागाजवळचे पाणी किंचित गरम होते, बायकार्बोनेट मोडते आणि कॅल्शियम कार्बोनेटचा धुरकट थर बसू लागतो. पाण्यात लोह असेल तर तो थर तांबूस होतो. डोळ्यांना नळी जवळजवळ स्वच्छ दिसत असतानाही अतिनील किरण त्यातून पुरते निघत नाहीत. उन्हाळ्यात हे झपाट्याने घडते. कोरड्या हवेत पेटीतून रोज पाणी उडते, क्षार मागे राहतात, आणि ती घट पुन्हा बोअरच्या पाण्याने भरली की क्षारांत क्षार मिळत जातात. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई साठवलेल्या पावसाच्या किंवा आरओच्या पाण्याने करावी. बोअरचे पाणी फक्त पाणी बदलताना वापरावे. थर काढायला सायट्रिक आम्ल, म्हणजे किराणा दुकानातील लिंबूसत्त्व, किंवा पांढरे व्हिनेगर पुरते: नळी तासभर भिजवून मऊ फडक्याने पुसावी, घासणी किंवा पावडर वापरू नये, कारण ओरखडा कायमचा राहतो. दिव्याच्या काचेला बोट लागले असेल तर स्पिरिटने पुसावे. पहिल्या महिन्यानंतर एकदा उघडून पाहावे आणि थर किती बसला यावरून पुढचे अंतर ठरवावे. येलदरीच्या पाण्यावर तीन महिने चालणारी नळी बोअरच्या पाण्यावर महिन्यातच धुरकट झाली तर नवल नाही.

या अडचणीवर मुंबईत जन्मलेल्या एका भौतिकशास्त्रज्ञाने शोधलेला उपाय येथे नोंदवण्याजोगा आहे. १९९२-९३ मध्ये भारतात पटकीच्या नव्या प्रकारच्या जीवाणूची साथ पसरली, आणि त्यानंतर अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत काम करणाऱ्या अशोक गाडगीळ यांनी खेड्यांसाठी अतिनील जलशुद्धीकरणाचे एक साधे यंत्र तयार केले. त्यात दिवा पाण्यात बुडवलेला नव्हता. उथळ पन्हाळीतून पाणी गुरुत्वाकर्षणाने वाहत असे आणि दिवा त्याच्यावर, हवेत टांगलेला असे. त्यामुळे क्वार्ट्झची नळीही नको, तिच्यावर बसणारा थरही नको, आणि पाण्याला दाबही नको. घरच्या पेटीवर असा उघडा दिवा करू पाहणे धोक्याचे आहे, कारण हे किरण थेट डोळ्यांवर पडले की काही तासांनी बुबुळाला वेदनादायक दाह होतो आणि त्वचाही भाजते. तो प्रयोग कोणीही घरी करू नये. पण पाण्याची वाट बदलून दिव्याची अडचण सोडवता येते, हे त्या यंत्राने दाखवून दिले.

दिवा जळताना दिसणारा निळा उजेड फसवा असतो. तो दृश्य प्रकाश आहे, अतिनील नव्हे. साधारण ९,००० तास, म्हणजे वर्षभर अखंड चालल्यानंतर निळा उजेड पूर्वीसारखाच दिसतो पण घातक किरण बरेच घटलेले असतात. दिवा वर्षातून एकदा बदलावा. त्यात पारा असल्यामुळे जुना दिवा कचऱ्यात फोडून टाकू नये, इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्याकडे द्यावा.

वीज आणि उन्हाळा

मराठवाड्यात वीज जाते आणि येते, हे गृहीत धरूनच जोडणी करावी. दिवा आणि त्याचा पंप एकाच बोर्डवर, शक्यतो एकाच बटणावर असावेत, म्हणजे पाणी थांबलेले असताना एकटा दिवा जळत राहून कक्षातील पाणी तापवणार नाही. इन्व्हर्टरवर हवेचा पंप आधी घ्यावा, मग गाळणी. दिव्याला इन्व्हर्टरची गरज नाही, कारण चार तास दिवा बंद राहिल्याने काहीही बिघडत नाही, तर चार तास प्राणवायू न मिळाल्याने मे महिन्यात मासे मरतात. तीस अंशांच्या पाण्यात प्राणवायू मुळातच लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या वर विरघळत नाही, आणि पाणी तापत जाईल तसतसा तो आणखी कमी होतो. पेटीत पाणी सोडणारी नळी खोल बुडालेली असेल तर पंप थांबताच पाणी उलट्या दिशेने खाली ओढले जाण्याचा संभव असतो. खाली उघडी टाकी ठेवून पाणी फिरवणाऱ्या रचनेत त्यामुळे फरशी भिजते. त्या नळीला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक बारीक छिद्र पाडले की पातळी तेथवर उतरताच हवा आत जाते आणि ओढ तुटते. उलटा प्रवाह रोखणारी झडप त्यासाठी बसवता येते, पण तिच्यात शेवाळ अडकते. छिद्र अधिक भरवशाचे.

अकरा वॅटचा दिवा दिवसरात्र चालला तर महिन्याला सुमारे आठ युनिट वीज लागते. यातील बहुतेक ऊर्जा शेवटी उष्णता होऊन पाण्यातच उतरते: पेटीतून उष्णता बाहेर गेलीच नाही असे क्षणभर धरले, तर दीडशे लिटर पाणी दिवसाला दीड अंशाने तापेल. प्रत्यक्षात ती खोलीच्या हवेत निघून जाते आणि वाढ त्यापेक्षा कमी राहते, पण खोलीच छत्तीस अंशांवर असेल तेव्हा तेवढी भरही नको असते. उन्हाळ्यात दिवा रात्री चालवावा आणि दुपारी बंद ठेवावा. हिरव्या पाण्याचा त्रास असेल तर त्याआधी खिडकीतून पेटीवर पडणारे ऊन पडद्याने अडवावे; दिव्यापेक्षा पडदा स्वस्त आहे आणि मुळावर घाव घालतो.

पाण्याशेजारची वीज हा या विषयातील असा भाग आहे की जेथे चुकीची किंमत थेट माणसाला मोजावी लागते. पेटीच्या जोडणीवर ३० मिलिॲम्पिअर विजेची गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी असावा आणि अर्थिंग खरोखर चालू आहे याची वायरमनकडून खात्री करून घ्यावी. प्रत्येक तार प्लगपर्यंत जाण्याआधी खाली झोका देऊन मग वर न्यावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोक्याच्या तळाशी टपकते, प्लगमध्ये शिरत नाही. कक्ष उघडण्याआधी बटण बंद करणे पुरेसे नाही. प्लग काढून हातात घ्यावा.

एका पेटीच्या घरगुती हौसेपेक्षा या उपकरणाचे खरे मोल दिसते ते शोभिवंत माशांच्या दुकानांत, आणि जेथे दहा-वीस टाक्यांचे पाणी एका सामायिक टाकीतून फिरते तेथे. एका टाकीतील पोहती पिल्ले दुसऱ्या टाकीत जाण्याचा एकच मार्ग तेथे असतो, तो म्हणजे परतीची सामायिक नळी. त्या नळीवर, पूर्ण प्रवाहाला १०० मिलिज्यूल मिळतील एवढ्या क्षमतेचा दिवा बसवला तर पाण्यावाटे होणारा प्रसार जवळजवळ थांबतो. जाळी, बादल्या आणि ओले हात यांवाटे होणारा प्रसार मात्र नळयोजनेने थांबत नाही, त्यासाठी प्रत्येक टाकीची जाळी वेगळी ठेवावी लागते. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग परभणी, सेलू, गंगाखेडच्या ग्राहकांच्या घरी पिशवीतून पोहोचतो तो अशा दुकानांतूनच, म्हणून दुकानदाराने केलेला हा खर्च शेकडो घरांच्या उपयोगी पडतो.

घरच्या पेटीसाठी पैसा मर्यादित असेल तर तो पुढील क्रमाने घालावा: आधी आरसीसीबी आणि अर्थिंग, मग नव्या माशांना तीन-चार आठवडे वेगळे ठेवण्यासाठी एक लहान टाकी, मग हिवाळ्यासाठी तापमान स्थिर ठेवणारा हीटर, आणि त्यानंतर अतिनील दिवा. दिवा घेतलाच तर तो बसवल्याची तारीख आणि कॅन भरायला लागलेले सेकंद कागदावर लिहून तो कागद कक्षावर चिकटवावा, आणि दर महिन्याला कॅन पुन्हा भरून पाहावा.